वीतभर वर

सकाळी पूजा झाली तेव्हा तो बाळकृष्णाच्या पायाशी, मोगऱ्याच्या फुलाखाली होता. चिंचोक्याएवढा करडा शंख, कुठल्याही गोट्यासारखा गप्प. दुपारी ठकूला निजवून ऋतुजा लॅपटॉप घेऊन देवघरासमोरच्या गार फरशीवर बसली आणि सहज मान वर केली, तर तो देवघराच्या लाकडी खांबावर अर्ध्या उंचीला चिकटलेला होता, आणि त्याच्या मागे ओल्या दोऱ्यासारखी एक चकचकीत रेघ. तिने आधी स्वतःच्या झोपेला दोष दिला. नऊ महिन्यांचं लेकरू अंगावर पिणारं असलं की बाईला भिंतीवरचं कॅलेंडरही चालताना दिसतं. पण कॅलेंडर ओली रेघ सोडत नाही. ती उठली, जवळ गेली, श्वास धरून वाकली. शंखाच्या पाठीवर एक निळा ठिपका होता. नखाला लावायच्या रंगाचा. रंगाची ती बाटली अजून तिच्या सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात होती, आणि ठिपका तिच्याच हातचा होता.

ऋतुजाचं काम सांगायला सोपं आणि पटवायला अवघड. चार वर्षं ती रत्नागिरीच्या खाली एका कातळावर गोगलगायी मोजत होती. ही जात पूर्वी खूप दक्षिणेला राहायची. समुद्र तापत चालला तशी, तारली मासळी जशी मलबार सोडून वर सरकली तशीच, हीसुद्धा खडक-खडक करत वर आली. आता प्रश्न एवढाच होता की आलेली ही पाहुणी इथे राहते, की एखाद्या कडक उन्हाळ्यात मरून जाते. त्यासाठी कातळावर लोखंडी चौकट ठेवायची, चौकटीतल्या गोगलगायींना ठिपका द्यायचा, आणि दर वर्षी मेच्या अमावास्येला, पाणी सगळ्यात मागे हटतं तेव्हा, कोण उरलं ते पाहायचं. सगळ्यात वरच्या चौकटीत, जिथे लाट क्वचित पोचते, तिथे चाळीस ठिपके होते. यंदा एकोणतीस सापडले. अकरा नाहीत. त्या अकरांमधून लेखातलं सगळ्यात ठाम वाक्य उभं राहिलं होतं: वरच्या पट्ट्यात ही जात उन्हापुढे टिकत नाही. संध्याकाळी सहापर्यंत लेख मार्गदर्शक मॅडमना जायचा होता. तो गेला की प्रबंध संपला, आणि ठकू, नांदेड, दुपारची झोप, सगळ्याला एकदाचं सलग करता आलं असतं. नाही गेला तर आणखी एक मे. आणखी एकदा लेकरू काखेत घेऊन गाडी, मग दुसरी गाडी, मग वडापची जीप. आणि त्या अकरांपैकी एक गोगलगाय नांदेडच्या तिसऱ्या मजल्यावर देवाच्या डोक्याच्या दिशेने निघाली होती.

तिने तिला हात लावला नाही. हात लावला की ही दार लावून घेईल हे तिला ठाऊक होतं. पायाला चिकटलेलं ते शिंगासारखं पातळ दार, आत समुद्राचा एखादा थेंब कोंडून ठेवणारं. महिना-महिना कोरड्यात तग धरतात म्हणून तिने वाचलं होतं, इतरांना सांगितलंही होतं, पण वाचलेलं खरं असतं हे असं घरात चालत येईल असं वाटलं नव्हतं. सोळा दिवस. कोकणातून परतल्यापासून सोळा दिवस रोज सकाळी सासूबाई इथे उदबत्ती लावत होत्या आणि आपण रोज इथूनच दुधाची पिशवी घेऊन जात होतो. ती परत खाली बसली आणि तिला एकदम तो पहिला समुद्र आठवला. लातूरच्या कॉलेजची सहल, एकविसावं वर्ष. त्याच्या दोनच वर्षं आधी लातूरला पाणी रेल्वेने आलं होतं, आणि तिचे वडील महादेवप्पा, जन्मात कधी रांगेत न उभा राहिलेला माणूस, दोन घागरी घेऊन टँकरखाली उभे राहिले होते. त्यामुळे समुद्र दिसला तेव्हा बाकीच्या पोरी ओरडत पळाल्या आणि ही उभीच राहिली. एवढं पाणी, आणि कुणीच भरून नेत नाही. मग तिने ओंजळ भरून तोंडाला लावली, आणि थुंकून टाकली, आणि तिला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणी आलं ते खारट पाण्यामुळेच, असं तिने मैत्रिणींना सांगितलं. त्या दिवशी कातळावरच्या एका खळग्यात, तळहाताएवढ्या पाण्यात, तिने पहिल्यांदा एक गोगलगाय सरकताना पाहिली. ओहोटी लागली होती. सगळा समुद्र तिला सोडून निघाला होता आणि ती आपली सावकाश खळग्याच्या कडेने फिरत होती, पाणी येईल तेव्हा येईल म्हणून. लातूरच्या पोरीला ते लगेच कळलं.

स्वयंपाकघरात भांडं वाजलं. सिंधुबाई उठल्या होत्या. सासूबाईंची दुपारची झोप म्हणजे मुखेडकडच्या शेतातल्या बांधावरची झोप, पाठ टेकली की लागायची आणि सावली सरकली की मोडायची. इथे फ्लॅटमध्ये सावली सरकत नाही तरी मोडायची. ऋतुजाने हाक मारली नाही. तिला राग आला होता. पण रागाला बसायला कुठे जागा सापडेना. याच बाई मेमध्ये तिच्याबरोबर निघाल्या होत्या. नवऱ्याला, सत्यमला, मुदखेडच्या रेल्वे ऑफिसातून सुटी मिळाली नाही, तिच्या आईचा गुडघा, आणि सासऱ्यांनी, श्रीमंतरावांनी, गावाकडून फोनवर विचारलं होतं, ‘लेकराला घेऊन दर्यावर कामून जायलीव? गोगलगायीच मोजायच्या तर पावसाळ्यात आपल्या सोयाबीनात ये की, पोत्यानं असत्यात.’ तेव्हा सिंधुबाईंनी फोन हातातून ओढून घेतला होता. ‘तुमी ढोरं सांभाळा. लेकरू मी धरते.’ समुद्रासमोर त्यांनी आधी चपला काढल्या, देवळाच्या बाहेर काढतात तशा. मग पिशवीतून खण काढला, नारळ काढला, गोदावरीची भरतात तशी समुद्राची ओटी भरली, आणि लाटेने खण नेला, घोळवला आणि परत त्यांच्या पायाशी आणून टाकला. त्या घाबरल्या. ‘घेतली न्हाई ग माय. काय चुकलं आसंल?’ ऋतुजा म्हणाली होती, ‘घेतली आत्याबाई. ती तुमची परत ओटी भरायली.’ तेव्हा म्हणून गेली. आज तिला वाटलं, बाई आपल्या शब्दावर किती विश्वास ठेवतात.

‘आत्याबाई,’ तिने शेवटी हाक दिली, ‘इकडं या जरा.’

सिंधुबाई पदराला हात पुसत आल्या. ऋतुजाने खांबाकडे बोट केलं. त्यांनी पाहिलं, डोळे बारीक केले, आणखी पाहिलं. मग एकदम मागे सरकल्या.

‘आगं आई! हे चालतंय की!’

‘कुठून आणलं?’

‘समिंदरावरून. दुसरं कुठून आणीन?’

‘कुणी आणलं?’

‘मीच आणलं. आन् तू ठिपका लावलेलंच आणलं, दुसऱ्याला हात लावला न्हाई.’ त्या जरा अभिमानाने सांगत होत्या. ‘मुखेडच्या बाजारात न्हाई का, बकरं इकत घेतलं की त्याच्या पाठीवर रंग लावत्यात. रंग दिसला की दुसरा गिऱ्हाईक हात लावत न्हाई, सौदा झालेला. म्हणलं तू येवढं उन्हात बसून एकेकाला रंग लावायलीस, म्हंजे ही आपली झालेली. ओटीचं देणं दिलं समिंदरानं. म्हणलं चार लोकाला वाटावं.’

‘वाटलं?’

‘हाव. तीर्थाहून आल्यावर वाटत न्हाई का?’

ऋतुजाने तोंडावर हात ठेवला. आत काहीतरी वर येत होतं आणि ते हसू आहे की रडू, हे बाहेर आल्याशिवाय कळणार नव्हतं. चार वर्षं आपण ज्याला खूण म्हणत होतो तो सौदा होता. आणि खरंच, रंग लावताना आपण दुसरं काय करत होतो? ही माझी, हीही माझी. पहिल्या वर्षी ती एकटी होती. दुसऱ्या वर्षी लग्न ठरलेलं. तिसऱ्या वर्षी पोटात ठकू, आणि वाकता येत नव्हतं म्हणून कातळावर चक्क आडवी पडून तिने ठिपके लावले होते, पोटाखालचा दगड तापलेला, आत लेकरू फिरत होतं आणि नाकासमोर गोगलगायी, आणि ती सगळ्यांशी एकदमच बोलत होती, हलू नको ग, जरा थांब, झालंच. ते कुठल्या लेखात लिहायचं?

‘किती वाटल्या आत्याबाई? नीट सांगा.’

सिंधुबाईंचा चेहरा आता बदलला होता. सुनेच्या आवाजातलं काहीतरी त्यांना लागलं. बोटं दुमडत त्यांनी सांगितलं: एक देवाला, एक शेजारच्या साबेराला, एक खालच्या गौरम्माला, एक सत्यमच्या हाती लातूरला, विहीणबाईला. आणि सात गावाकडं न्यायला रुमालात बांधून ट्रंकेत. अकरा. एकही इकडे नाही, एकही तिकडे नाही. ऊन कुणालाच घेऊन गेलं नव्हतं.

साबेराचं दार उघडंच असतं. कूलरसमोर ती भाजी निवडत बसली होती आणि ऋतुजाने शंखाचं विचारताच तिने सुरी खाली ठेवली. ‘अल्ला! तू बी वैच पूछने कू आयी? ये उमैमा चार दिन से बोलरी, अम्मी वो शंख हिलता, रातकू इधर रखे तो सुबू उधर. मैं बोली झूट नक्को बोल, एक थप्पड बी लगायी.’ आतून उमैमाचा रडवा, विजयी आवाज आला, ‘मैं बोली थी ना!’ कूलरच्या मागे, जिथे पाण्याचे तुषार उडून भिंत ओली राहते, तिथे निळा ठिपका होता. साबेराने तो पाहिला आणि पोरीला ओढून कुशीत घेतलं. ‘माफ कर बेटा. हमारी अम्मा बोलती थी, छोटे की बात पैले सुनना. मैं भूल गयी.’ गौरम्माकडचा मात्र शोकेसमध्ये काचेच्या ताजमहालाशेजारी होता, आणि दार उघडताच वास आला. ‘नाक धरून बसलेव बाई दोन दिवस,’ गौरम्मा म्हणाली, ‘देवाचं म्हणून टाकवंना.’ लातूरला ऋतुजाने फोन लावला. महादेवप्पांनी उचलला. ते म्हणाले, ‘ते होय? ते तर मी तुळशीत ठेवलंय. रोज पाणी घालतो. दिसंना गेलंय आता, मातीत शिरलं की काय.’ गोड्या पाण्यात, मातीत. त्यात गोगलगाय जगली नसणार. ऋतुजा एवढंच म्हणाली, ‘असू द्या अप्पा, शोधू नका.’ त्यांनी पाणी घातलं होतं. त्यांच्या हिशेबात पाणी घालण्यापेक्षा जास्त काय करता येतं कुणासाठी?

ती परत आली तेव्हा सिंधुबाईंनी ट्रंक उघडली होती. रुमाल फरशीवर, गाठ सोडलेली, त्यात सात शंख. आणि शेजारी प्लॅस्टिकची बाटली, गंगेचं आणतात तसं समुद्राचं पाणी. देवावर रोज त्यातलेच दोन थेंब शिंपडत होत्या त्या, बाळकृष्णाला आणि शंखाला, ‘जिथलं त्याला तिथलं पाणी’ म्हणून. म्हणून तो चालला होता. ऋतुजाने ताटली आणली, सात जणांना ओळीने ठेवलं, बाटलीतलं पाणी बोटाने एकेकाच्या तोंडाशी सोडलं. मग दोघी बसून राहिल्या. पंखा फिरत होता, खाली कुणीतरी भंगारवाल्याला थांबवत होतं, आतल्या खोलीत ठकूने झोपेत एक सुस्कारा टाकला. सिंधुबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, ‘आपल्या सोयाबीनातल्या वल्या असत्यात, बुळबुळीत. ह्या तर वाळक्या गोट्या. मला काय ठावं आत जीव हाय? मी तर शेतात मिठाच्या पाण्यात बुडवून मारल्यात, बादल्याच्या बादल्या. आन् ह्या मिठाच्याच पाण्यात जगत्यात म्हण.’ जरा वेळाने, ‘लेकुरवाळीच्या घरात जीव उपाशी ठिवला मी. सोळा दिवस.’ तेवढ्यात तिसऱ्या शंखाचं दार केसाएवढं उघडलं. मग पाचव्याचं. मग पहिल्याचं, आणि त्यातून एक काळं, ओलं, जिभेच्या टोकासारखं पाऊल बाहेर आलं, ताटली चाचपली आणि थांबलं, जशी ठकू आईच्या अंगावरून हात फिरवून खात्री करून घेते. पाच उघडले. दोघांची दारं मिटलेलीच राहिली. सिंधुबाईंनी त्या दोघांवर आणखी दोन-दोन थेंब टाकले. वाट पाहिली. मग पदराचा शेव डोळ्यांना लावला.

साडेचार वाजले होते. लॅपटॉपवर ते वाक्य तसंच उभं होतं, शहाणं, नीटनेटकं. मनात एक आवाज आला, अगदी मऊ आवाज, तिच्याच आवाजासारखा: कुणाला कळणार आहे? अकरा नव्हते हे खरंच आहे. लेखात कुठे म्हटलंय की मेले? टिकत नाहीत म्हटलंय. आणि अवघं कोकण तापतंय ते काय खोटं आहे? ही नाही तर दुसरी कुठली गोगलगाय मरतच असेल उन्हाने. पाठव आणि मोकळी हो. संध्याकाळी लेकराला घेऊन गोदावरीच्या घाटावर जा, सत्यमला म्हण, संपलं. सत्यम काही म्हणणार नाही, पण दर मे आला की तो कॅलेंडर बघून गप्प होतो ते तिला माहीत होतं. तिचा हात माऊसवर होता. आणि समोर सिंधुबाई, ज्यांना तिच्या लेखातलं अक्षर वाचता येणार नव्हतं, ज्यांना कधी कुणी सांगणारही नव्हतं.

‘रुतुजा,’ त्या म्हणाल्या, ‘खरं सांग. मी आणल्या म्हणून तुझं नुसकान झालं का?’

नाही म्हणणं किती सोपं होतं. सून म्हणून तेच शोभलं असतं. पण ज्या बाईने समुद्राची ओटी भरली तिला खोटं सांगायचं, तर मग आणखी कुणाला खरं सांगायचं?

‘झालं आत्याबाई. मला वाटलं ह्या उन्हानं मेल्या. तसंच लिहिलं मी.’

सिंधुबाईंनी ताटली जवळ ओढली. मग त्यांनी मान हलवली, ती अपराधाची नव्हती, शेतातलं कुणी चुकीचं बोललं की हलवायच्या तशी होती. ‘उन्हात कुठं व्हत्या त्या? सावलीत तर व्हत्या.’

‘माझ्या चौकटीत सावली नाहीये.’

‘तुझ्या चौकटीत न्हाईच व्हत्या. वरल्या अंगाला, वीतभर वर, भेग न्हाई का एक, उत्तरेकडं त्वांड केलेली? पयल्या दिवशी तू खाली पाण्याच्या मागं मागं गेलीस. मी लेकराला घेऊन बसायला जागा बघायले. सगळा कातळ तव्यासारखा. मग ती भेग घावली. आत हात घातला तर गार. तिथंच ठकूला निजवलं, पदर वर धरला. आन् बघते तर तिच्या उशाला ह्या सगळ्या. दाटीवाटीनं, एकमेकाला चिकटून, निळं निळं ठिपकं. म्हणलं बघा, ज्याला त्याला कळतंय लेकरू कुठं निजवावं.’

चार वर्षं ऋतुजा तिथे बसली होती. चौकटीच्या आत इतकं बारकाईने पाहिलं होतं की तिला तिथला खळगा न् खळगा ठाऊक होता, आणि चौकटीच्या वीतभर वर मान करून पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी, मोजून अकरा कमी निघाल्यावर, ती त्याच भेगेला पाठ टेकून डब्यातलं थालीपीठ खात होती. पाठीला गार लागत होतं आणि तिला बरं वाटत होतं. तिला कळलं नाही की बरं का वाटतंय. त्या आल्या होत्या. तापलेल्या परक्या कातळावर, दूर दक्षिणेतून, कुणी न बोलावता, आणि मरण्याऐवजी त्यांनी भेग शोधली होती. तिने दोन वर्षांपूर्वी या घरात कुठली भेग शोधली होती? देवघरासमोरची ही फरशी, दुपारचे हे दोन तास. कुणी दाखवली नव्हती. पण त्या दोन तासांत स्वयंपाकघरात भांडी हळू वाजतात, फोन आला की सिंधुबाई आधीच उचलतात, ठकू चुळबुळली की पाळण्याची दोरी आतून ओढली जाते, हे तिने कधी कुठल्या चौकटीत धरलं नव्हतं.

तिने मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं, बकऱ्यांच्या बाजारासकट. मॅडमना हसू आवरेना, आणि मग त्या एकदम गंभीर झाल्या. ‘वरची चौकट गेली तुझी. हे वाक्य काढावं लागेल. वाक्य काढलं की लेख उरत नाही, कळतंय ना?’ ‘कळतंय मॅडम.’ ‘आणि ती भेग. त्यांनी पाहिलं ते पुरावा म्हणून चालणार नाही. पुन्हा मोजायला लागेल, भेगेसकट. म्हणजे पुढचा मे. तुझं लेकरू लहान आहे, घरी विचार, मग सांग.’

‘विचारते,’ ऋतुजा म्हणाली. फोन ठेवून तिने ते वाक्य निवडलं. निळ्या रंगात ते क्षणभर उजळलं. मग गेलं. खालची ओळ वर सरकून त्या जागी आली, आणि पान काही झालंच नाही असं दिसायला लागलं. तिला वाटलं होतं रडू येईल. पण तिला नुसतीच भूक लागली.

आत ठकू उठली होती. रडली नाही, तिच्या भाषेत कुणाला तरी काहीतरी सांगत होती. सिंधुबाई तिला उचलून घेऊन आल्या, लेकरू त्यांच्या खांद्यावर गाल ठेवून अर्धवट जागं, अर्धवट घामेजलेलं.

‘आत्याबाई,’ ऋतुजा म्हणाली, ‘पुढच्या मेला परत जावं लागंल म्हणतात मॅडम. मी अजून हो म्हणले नाही.’

सिंधुबाईंनी ठकूला तिच्या मांडीवर दिलं, तिची झबल्याची गाठ सोडली, मानेवरचा घाम पुसला. मग समुद्राच्या पाण्याची बाटली उजेडात धरून बघितली. बोटभर उरलं होतं.

‘तवर ही ठकू चालती झालेली आसंल,’ त्या म्हणाल्या. ‘त्या भेगंत बसायची न्हाई काय ती मग. पळंल पाण्याकडं. मला कंबरेला दोरी बांधून धरावी लागंल हिला.’ आणि स्वयंपाकघराकडे वळता वळता, ‘आन् टोपडं दोन घ्यावं लागत्याल. वारं लई हाय तिथं.’